सहा तारा आणि काळी चार

राहुरी, जि. अहिल्यानगर
१५ जानेवारी २०२५, बुधवार

संक्रांतीला मुलगा पुण्याहून आला होता. परत जाण्याआधी त्याच्याकडून गिटारीला नव्या तारा बसवून घेतल्या. इंजिनिअरिंगला असताना त्याने हौसेने घेतलेली ही गिटार नोकरी लागल्यापासून कपाटावर पडून होती. जुन्या तारा गंजून काळ्या पडल्या होत्या. नवा संच त्याने मुद्दाम बारीक तारांचा आणला. त्यात सगळ्यांत बारीक तार इंचाच्या शंभराव्या भागाइतकी असते. बारीक तार दाबायला जोर कमी लागतो आणि माझ्या वयाच्या बोटांना ती मानवते. ब्रिजवरची पांढरी पट्टीही त्याने खालून थोडी घासली. त्यामुळे तारा लाकडाजवळ आल्या.

नोकरीभर गणित शिकवलं, पण वाद्य शिकायचं राहून गेलं. राहुरीत पेटी आणि तबला शिकवणारी माणसं आहेत. गिटारसाठी माझ्या माहितीत तरी नगर गाठावं लागतं आणि तिथे बॅच असते शाळकरी मुलांची. मुलगा म्हणाला, "आई, मोबाइलवर शीक. तुझी वेळ, तुझा वेग." रोज सकाळी चहानंतर अर्धा तास बसायचं ठरवलं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

जस्टिन सँडरको हे माझे पहिले शिक्षक. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मलेल्या या गृहस्थांनी २००३पासून गिटारचे धडे इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. सुरुवातीला ते डी आणि ए या दोनच कॉर्ड देतात. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजवायचे. आपल्या गाण्यात एका वेळी एकच स्वर लावायची सवय असते, त्यामुळे कानाला हे आधी नवं वाटतं आणि मग गोडी लागते.

त्यांचं इंग्रजी माझ्या कानाला भराभर वाटतं, म्हणून व्हिडिओचा वेग पाऊणपट करते आणि खाली अक्षरं लावून घेते. अडलं की मागे जाते. तेच वाक्य ते तितक्याच उत्साहाने पुन्हा सांगतात. भरलेल्या वर्गात एका मुलीसाठी तेच उदाहरण फळ्यावर परत परत सोडवणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. घंटा होते, पुढचा धडा खोळंबतो आणि ती मुलगी शंका गिळून वही मिटते. अशा किती मुली माझ्या हातून पुढच्या वर्गात गेल्या असतील! त्यांना थांबवता येणारा शिक्षक मिळाला असता तर गणिताची भीती निम्मी झाली असती, असं आज फार वाटलं.

डाव्या हाताच्या बोटांची टोकं हुळहुळतात. घट्टे पडेपर्यंत ती दुखणारच. त्यावर रोज थोडं थोडं वाजवणं हाच इलाज आहे. एका दिवशी खूप वाजवून मग आठवडाभर सुट्टी घेतली तर घट्टे धरत नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

कॉर्ड धरता येते, पण एकीवरून दुसरीवर जाताना हात अडतो. अनामिका एकटी उचलायला गेलं की मधलं बोट तिच्यासोबत येतं. पंजाच्या मागच्या बाजूला या बोटांच्या स्नायूबंधांना जोडणारे पट्टे असतात, म्हणून ती दोघं एकमेकांना सोडत नाहीत. हे वाचल्यावर बोटांवरचा राग गेला. सँडरकोंचा व्यायाम सोपा आहे: एक मिनिट घड्याळ लावायचं, दोन कॉर्डमध्ये ये-जा करायची आणि किती वेळा जमलं ते लिहून ठेवायचं. घाई करायची नाही, पण आकडा वाढताना पाहायचा.

न्यूयॉर्क विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर गिटार हाती घेतली आणि त्या अनुभवावर २०१२मध्ये ‘गिटार झीरो’ हे पुस्तक लिहिलं. लहानपण सरलं की संगीताची दारं बंद होतात, हा समज त्यांना तपासून पाहायचा होता. मोठ्या माणसाला वेळ जास्त लागतो, पण दार उघडंच असतं, असा त्यांचा अनुभव आहे. माझ्या हाताचंही तेच सांगणं आहे. आज जमत नाही ते झोपून उठल्यावर जरा सुटं झालेलं असतं. शरीर रात्री उजळणी करतं, असं वाटावं इतकं हे स्पष्ट जाणवतं.

१६ मार्च, रविवार

आज गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि शाळेतली पोलादी पट्टी लावून तिचे पडदे मोजले.

वरच्या टोकाला खाचा असलेली पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिथून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६५० मिलिमीटर भरली. बारावा पडदा नेमका ३२५वर आहे. तार निम्मी झाली की स्वर दुप्पट चढतो आणि वरचा सा मिळतो. मोकळी तार सा धरली तर सातव्या पडद्यावर पंचम येतो. तो पडदा २१६ मिलिमीटरच्या किंचित पुढे आहे. तारेचा एक तृतीयांश भाग काढला तर २१६.७ येतात. म्हणजे तानपुऱ्यातला पंचम आणि गिटारीचा पंचम यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक.

मग गंधार पाहिला. तानपुऱ्यात सा नीट लागला की त्याच्या पोटातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो तारेचा पाचवा भाग कमी केल्यावर मिळतो. ६५०चा पाचवा भाग १३०. गिटारीचा चौथा पडदा मात्र १३४वर आहे. चार मिलिमीटरची ही तफावत पट्टीवर डोळ्यांना दिसते आणि कानालाही कळते: गिटारीचा गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा जरासा चढा बोलतो.

याचं कारण भूमिती श्रेढीत आहे. एका सप्तकाचे बारा सारखे भाग केले की प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या १.०५९५ पट होतो. दोनचं बारावं मूळ ते हेच. प्रत्येक पडदा बसवताना उरलेल्या लांबीला १७.८१७ने भागायचं आणि तेवढं पुढे सरकायचं. म्हणूनच पडदे ब्रिजकडे जवळ जवळ येत जातात. या वाटणीमुळे कोणत्याही पट्टीत वाजवता येतं, पण प्रत्येक स्वराला थोडी तडजोड करावी लागते. दहावीच्या वर्गात श्रेढी शिकवताना हे वाद्य हाताशी असतं तर तो धडा मुलं जन्मात विसरली नसती.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

उन्हाने गिटारीचं लाकूड आकसलं आहे. मानेच्या कडेवरून हात फिरवला की पडद्यांची टोकं बोटाला लागतात. पितळी पडदे होते तेवढेच राहतात, लाकूड मात्र कोरडं होऊन आत जातं. गिटारीला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आमच्या अवर्षणप्रवण पठारावर उन्हाळ्यात ती कुठून येणार? खरेदीच्या वेळी हे कोणी सांगत नाही आणि मे महिन्यात तक्त्याला तडा जातो.

उपाय घरातलाच केला. प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला करून पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवला आणि डबी गिटारीच्या पिशवीत टाकली. गिटार पिशवीतच ठेवायची, भिंतीला टांगायची नाही आणि पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नाही. मुळा धरणाच्या कालव्यालगत राहणाऱ्यांना हवा जरा बरी मिळत असेल. आमच्याकडे डबी लागतेच.

२० एप्रिल, रविवार, ईस्टर

माझ्याबरोबर नोकरीला असलेल्या एका बाईंनी आज उपासनेला बोलावलं. गायकवृंदात पेटी, तबला आणि गिटार शेजारी शेजारी होती. नारायण वामन टिळकांची पदं झाली. टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनसोबत काम करू लागले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त आमच्या राहुरीचं बिऱ्हाडही आहे. परदेशी चालींवर बसवलेल्या गीतांच्या जागी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांना मराठी उपासनेत मानाचं स्थान मिळावं म्हणून टिळक झटले. शंभरांहून अधिक वर्षांनी त्याच पदांना एक तरुण गिटारीची साथ करत होता आणि ती कुठे उपरी वाटत नव्हती.

तो मुलगा कृषी विद्यापीठात शिकतो. उपासना संपल्यावर त्याने मला गिटार दिली आणि एफ कॉर्ड धरायला सांगितली. यात तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. माझ्या दोन तारा मुक्या राहिल्या. तो म्हणाला, "बाई, अंगठा खाली घ्या. मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर. आणि कोपर अंगाजवळ." मग स्वतः वाकून त्याने माझं मनगट बोटभर पुढे ढकललं. सहाही तारा बोलल्या.

हा धडा मी स्क्रीनवर बघितलेला होता. पण स्क्रीनवरचे गुरुजी मला दिसतात, मी त्यांना दिसत नाही. ही उणीव कितीही चांगल्या व्हिडिओने भरून निघत नाही. महिन्यातून एकदा तरी कोणीतरी जाणत्याने शेजारी बसून आपला हात पाहायला हवा. त्या विद्यार्थ्याने तेवढ्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचं कबूल केलं आहे.

१० जुलै, गुरुवार, गुरुपौर्णिमा

आज आणखी एक योग आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी अरणगावजवळ मेहेराबादला मौन धरलं, त्याला आज बरोबर शंभर वर्षं झाली. आधी मुळाक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आणि पुढे हातांच्या खुणांनी ते संवाद साधत. ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत त्यांनी मौन सोडलं नाही. त्यांचे अनुयायी जगभर हा दिवस न बोलता पाळतात.

पूर्वी शाळेची सहल घेऊन दौंड रस्त्याने तिकडे गेले होते. समाधीपाशी आरतीनंतर देशोदेशीची माणसं आपापल्या भाषेत गात होती. एकाच्या मांडीवर गिटार होती. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक पीट टाऊनशेंड हे बाबांचे अनुयायी. त्यांच्या १९७१च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाजलेल्या गाण्याच्या नावात ‘बाबा’ आले ते आपल्या नगरजवळच्या मेहेरबाबांवरून आणि ‘रायली’ आले ते टेरी रायली या अमेरिकी संगीतकारावरून. गिटार आणि नगर यांचं नातं इतकं जवळचं आहे, हे आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर कोणीतरी सांगायला हवं.

गुरुपौर्णिमेला दोघांना मनोमन नमस्कार केला. एक समुद्रापलीकडचे, ज्यांना माझं नावही ठाऊक नाही. दुसरा माझ्या नातवाच्या वयाला शोभेल असा विद्यार्थी, ज्याने माझं मनगट बोटभर सरकवलं. विद्या देणाऱ्याचं वय आणि अंतर मोजायचं नसतं.

१७ ऑगस्ट, रविवार

श्रावणात आमच्या महिला भजनी मंडळाची बैठक रोज भरते. आज गिटार घेऊन गेले. पेटीवर बसणाऱ्या माईंनी रोखठोक विचारलं, "हे वाद्य भजनात कशाला?" प्रश्न रास्त होता, म्हणून सविस्तर उत्तर दिलं. पेटीही आपली नव्हती. हार्मोनियमचं पेटंट १८४२मध्ये पॅरिसला झालं. आकाशवाणीने तर १९४०पासून १९७१पर्यंत तिला बंदी घातली होती, कारण तिच्यावर मींड निघत नाही आणि श्रुती सापडत नाहीत. तरी कीर्तनकारांनी आणि भजनी मंडळांनी तिला सोडलं नाही. आज पेटीवाचून भजन होतं का? माई हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, लाव सूर."

मंडळाची पट्टी काळी चार. गिटारवर जी कॉर्ड धरली की सा पांढरी पाचवर येतो. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला, म्हणजे तारा आवळून धरणारा चिमटा, की सगळं एक घर वर सरकतं आणि जीच्या जागी काळी चार मिळते. बोटांची ठेवण तीच राहते.

खरा प्रश्न कॉर्डचा होता. रागात नसलेला स्वर कॉर्डमधून डोकावला की गाणाऱ्याला खुपतो. त्यासाठी घरी कागदावर मांडणी केली होती. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. त्यांतून पूर्ण तीन स्वरांच्या कॉर्ड दोनच होतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. गिटारीच्या भाषेत जी आणि ई मायनर. सी घेतली तर मध्यम घुसतो, डी घेतली तर निषाद. म्हणून भूपाच्या चालीत या दोनच कॉर्ड ठेवायच्या आणि एरवी सा-प तेवढे वाजवायचे, तानपुऱ्याच्या कामाचे. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यावर समेला एकदा आणि मध्ये एकदा हलका हात. पखवाजाला आणि टाळांना जागा सोडायची.

दोन अभंग झाल्यावर माईंनी पेटीचा भाता थांबवला आणि नुसत्या गिटारवर तिसरा म्हणायला लावला. माझ्यासाठी हीच पावती.

२४ सप्टेंबर, बुधवार

पावसाने यंदा जिल्ह्याला झोडपून काढलं. पाथर्डी, शेवगावकडे उभी पिकं पाण्यात गेली. कपाशी आणि सोयाबीन हाताशी आलं असताना हे झालं. भाऊ शेवगावजवळ शेती करतो, त्याच्याशी बोलताना काय बोलावं सुचत नाही. चार पैसे आणि धान्य पाठवलं.

इथे वीज आणि इंटरनेट दोन्ही ये-जा करतात. दमट हवेने गिटारीचा तक्ता फुगून तारा वर उचलल्या गेल्या आहेत, बोटांना जोर जास्त पडतो. तारांना गंज चढू नये म्हणून वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार पुसते.

मोबाइल बंद असताना वहीवरून वाजवलं. जे खरंच हातात उतरलं आहे ते स्क्रीनशिवाय आलं, जे नुसतं पाहिलं होतं ते आलं नाही. शिकलेलं आणि पाहिलेलं यांतला फरक इतका स्वच्छ कधी कळला नव्हता. पुढच्या धड्यावर जाण्याआधी मागचा धडा मोबाइल दूर ठेवून वाजवायचा, हा नियम आजपासून केला.

५ नोव्हेंबर, बुधवार, कार्तिकी पौर्णिमा

कोजागरीपासून चाललेल्या काकड्याची आज समाप्ती. पहाटे गारठ्यात बोटं आखडतात, म्हणून घरून निघताना गरम पाण्यात हात बुडवून घेतले. देवळात पुढे वीणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी, पखवाज आणि माईंची पेटी. मी पेटीमागे बसले. भूपाच्या चालीतली भूपाळी सुरू झाली तशी ठरलेल्या दोन कॉर्ड धरल्या.

एकटीने घरी वाजवताना लय चुकली तरी आपण थांबतो आणि पुन्हा सुरू करतो. इथे ती सोय नाही. पखवाज पुढे चालला की तुम्हालाही चालावं लागतं, सुटलेली कॉर्ड सोडून द्यावी लागते आणि समेवर येऊन मिळावं लागतं. मोबाइलवरचा कोणताही धडा हे शिकवू शकत नाही, कारण तिथे थांबवायचं बटण आहे. सामुदायिक गाण्यात एकमेकांचं ऐकणं हीच तालीम असते.

काल्याचा प्रसाद घेताना शेजारच्या गल्लीतल्या एक आजी जवळ आल्या. घरी नातीची गिटार आहे, मी धरली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. त्यांना माझ्याकडे यायला सांगितलं आहे.

२८ डिसेंबर, रविवार

आजी येतात. त्यांना पहिल्या दोन कॉर्ड मी दाखवते, मग त्या मोबाइलवर धडा पाहतात आणि पुन्हा माझ्यासमोर वाजवतात. नाताळच्या आधी कृषी विद्यापीठातला तो मुलगाही येऊन गेला. माझी एफ कॉर्ड आता सहाही तारांवर बोलते, त्याने तशी खात्री केली. मैफलीत बसण्याइतकं मी शिकणार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण भूप, दुर्गा आणि पहाडी यांच्या चालींना साथ करता येते. एवढं या वयात मिळालं, हे मला पुष्कळ वाटतं.

या वर्षाने मला एक पक्कं शिकवलं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, वय झालेल्या माणसाला इंटरनेटने गुरूच्या दारापर्यंत नेलं, ही फार मोठी गोष्ट आहे. तिथून पुढे मात्र जिवंत माणसं लागतात: हात दुरुस्त करणारं कोणीतरी आणि ज्यांच्यात बसून वाजवावं असे चार जण.

ज्यांच्या घरी मुलांनी मागे ठेवलेली गिटार, माउथ ऑर्गन किंवा पेटी पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे. ती खाली काढा, तारा बदला, रोज अर्धा तास द्या आणि महिन्यातून एकदा जाणत्याला हात दाखवा. भजनी मंडळांना आणि चर्चच्या गायकवृंदांनाही सांगणं आहे: साठीतला नवशिका दारात आला तर त्याला पेटीमागे बसायला जागा द्या.